दोन शटर, एक मीटर

अंबरनाथच्या बुवापाड्यात आमच्या गल्लीत माझ्या नोकरीबद्दल कुणाचंही दुमत नव्हतं. साळव्यांची शैला एमआयडीसीतल्या कंपनीत बसून रांगोळ्या काढते आणि त्याचा तिला पगार मिळतो! आईला आधी याचा राग यायचा. मग एकदा नळावर तिनेच सांगून टाकलं, "हो, रांगोळीच. पण आमच्या पोरीच्या रांगोळीत करंट येतो." त्यानंतर कुणी काही बोललं नाही.

तसं पाहिलं तर गल्ली फारशी चुकत नव्हती. मी सर्किटची ड्रॉइंग काढायचे. कुठल्याही इलेक्ट्रॉनिक डब्याच्या पोटात एक पाटी असते आणि तिच्यावर बारीकसारीक भाग जोडलेले असतात. कुणाचा पाय कुणाला जोडायचा, हे आधी कागदावर काढावं लागतं. तिथे भागांचं चित्र काढत नाहीत, खूण काढतात. नागमोडी रेघ म्हणजे रेझिस्टर, समोरासमोर उभ्या दोन काठ्या म्हणजे कपॅसिटर. खुणा रेघांनी जोडल्या की झालं ड्रॉइंग. ड्रॉइंग चुकलं की पुढचं सगळं चुकलं, कारण पुढचे सगळे त्या कागदावर डोळे मिटून विश्वास ठेवतात.

आयटीआयमधून ड्राफ्ट्समनचा कोर्स करून मी लिमये साहेबांच्या गाळ्यात लागले तेव्हा ऐंशीचं दशक अर्धं सरलं होतं. ड्राफ्ट्सवुमन असं सर्टिफिकेटवर कुठे लिहिलेलं नव्हतं, त्यामुळे मीही मॅनच. लिमये साहेब एका मोठ्या कारखान्यातली इंजिनियरची नोकरी सोडून स्वतःचा धंदा काढून बसले होते. गाळा अंबरनाथ पूर्वेला, वर पत्रा, खाली आम्ही सात माणसं. भट्ट्या, पंप, ड्रायर यांचे कंट्रोल बनवायचो. माझ्याकडे तिरका लाकडी बोर्ड, ट्रेसिंग पेपर, शाईचं पेन आणि खुणांची भोकं पाडलेली प्लॅस्टिकची पट्टी. चूक झाली तर ब्लेडने शाई खरवडायची. खरवडताना कागदाला भोक पडलं की अख्खं पान पुन्हा. त्यामुळे मी फार चुका करत नसे, असं मी स्वतःच लोकांना सांगत असे.

माझ्या ड्रॉइंगवरून प्रत्यक्ष डबा जोडायचे ते भोईरदादा. बदलापूरच्या पलीकडे त्यांचं गाव, घरी थोडी भातशेती. पन्नाशीचा माणूस, नाकावर जाड काचांचा चष्मा आणि हातात स्वतःच्या मालकीचं सोल्डरिंगचं, म्हणजे कथील वितळवून जोड द्यायचं, डागणं. कंपनीच्या डागण्याला ते हात लावत नसत. इंग्रजी येत नव्हतं, पण माझ्या खुणा ते गाण्याच्या चालीसारख्या वाचायचे. बोट रेघेवरून फिरायचं आणि तोंडाने "हा इकडं, हा तिकडं" चालायचं. भोकं पाडलेल्या पाटीवर ते तारांनी असं सर्किट गुंफायचे, की उलटं करून बघितलं तरी सुरेख दिसायचं.

आता ज्या गोष्टीवर हे सगळं आख्यान उभं आहे ती सांगते. आयसी म्हणजे काळ्या किड्यासारखा एक भाग, दोन्ही बाजूंना पाय. कुणाला आठ, कुणाला चौदा. गंमत अशी, की एका किड्याच्या पोटात दोन किंवा चार स्वतंत्र कामगार असतात. एक कामगार सर्किटच्या या टोकाला राबतो, दुसरा त्या टोकाला. म्हणून ड्रॉइंगमध्ये किडा काढत नाहीत, ज्याचं जिथे काम तिथे त्याचा वेगळा त्रिकोण काढतात. पहिल्या पानावरच्या त्रिकोणाचं नाव 'यू २ ए', तिसऱ्या पानावरच्याचं 'यू २ बी'. दोघं एकाच घरचे, हे नावावरून ओळखायचं.

हे कळणारा माणूस कळतो. न कळणारा भांडायला येतो. चंदुमल शेठ तसे आले.

उल्हासनगर कॅम्प दोनमध्ये शेठचा पापडाचा कारखाना होता. पावसाळ्यात पापड वाळत नाहीत, म्हणून त्यांनी एक कपाट बनवून घेतलं होतं. आत हीटर, पंखा आणि पापडांच्या जाळ्या. त्याचं तापमान सांभाळणारा डबा आमचा. तापमान किती ते बाहेर काट्यावर दिसायचं. ठरवलेल्या आकड्यावर काटा पोचला की हीटर बंद. डबा दिला, आठवड्याने शेठ तोच डबा काखेत मारून हजर. झाकण उघडलेलं, दुसऱ्या हातात माझं ड्रॉइंग. सरळ माझ्याच बोर्डापाशी आले.

"दादी, ये क्या धंदा है?"

मी तेव्हा जेमतेम पंचविशीची. दादी ऐकून माझा चेहराच पडला. सिंधी लोक बहिणीला मानाने दादी म्हणतात, हे मला पुढे कळलं.

"काय झालं शेठ?"

"कागज पे तिकोन कितने? दो. मैंने खुद गिना. अंदर काला वाला कितना? एक! दूसरा किधर गया?"

भोईरदादा चष्म्यावरून बघत होते. त्यांच्यावर चोरीचा आळ आला होता आणि त्यांना हसू आवरत नव्हतं. मी शेठना समजावलं, की किडा एकच, आत कामं दोन. एक काम गरमी मोजायचं, दुसरं हीटर बंद करायचं. म्हणून त्रिकोण दोन. शेठनी डब्यात बघितलं, कागदावर बघितलं, परत डब्यात बघितलं. आणि एकदम त्यांचा चेहरा उजळला.

"मतलब दुकान एक, शटर दो! इधर से होलसेल, उधर से रिटेल!"

कॅम्प दोनच्या बाजारात अशी दुकानं गल्लोगल्ली. इतकं सोपं मला आयटीआयच्या सरांनीही सांगितलं नव्हतं. शेठ दारापर्यंत गेले आणि परत आले.

"लेकिन दादी, दुकान का लाइट का मीटर? वो तो एक ही होगा ना? वो कागज पे किधर है?"

मी हसून म्हटलं, "मीटर काढत नाहीत शेठ. तो असतोच."

हे वाक्य मी फार ऐटीत बोलले होते. पुढे ते मला चांगलंच भोवलं.

कारण शेठचा प्रश्न बरोबर होता. आयसीला वीज लागते आणि ती दोन पायांतून मिळते. आठ पायांच्या त्या किड्यात आठवा पाय वीज आत घ्यायचा आणि चौथा परत सोडायचा. आता हे दोन पाय कोणत्या त्रिकोणाला काढायचे? ते दोघांचेही आहेत. मग आमच्या धंद्यात रीत पडली, की काढायचेच नाहीत. जोडणाऱ्याला ठाऊक असतं. भोईरदादांना ठाऊक होतं. आमच्या डब्यात वीज दोन प्रकारची असायची, पाच व्होल्ट आणि बारा व्होल्ट. कोणत्या किड्याला कोणती द्यायची हे ते मला कधी विचारत नसत. आणि मीही ते कधी त्यांना विचारलं नाही. दोघांचं पाच वर्षं छान चाललं.

नव्वदच्या पुढेमागे गाळ्यात कॉम्प्युटर आला. त्याच्यासाठी साहेबांनी काचेची खोली केली आणि बाहेर चपला काढायची पाटी लावली. पहिल्या दिवशी सगळे रांगेने दर्शन घेऊन गेले. साहेबांनी मला आत बोलावलं.

"साळवेबाई, आता बोर्ड गेला. ड्रॉइंग यावर करायची. तारा गुंफणंही गेलं. ड्रॉइंग झालं की त्यातूनच जोडणीची यादी निघेल, तिच्यावरून छापील बोर्ड होईल, तारांच्या जागी तांब्याचे ट्रॅक. भोईरने फक्त भाग बसवायचे आणि कथलाचा डाग द्यायचा. तीन महिने देतो तुम्हाला. जमलं तर ही खुर्ची तुमची, कायम. नाहीतर मी ठाण्याहून शिकलेला माणूस आणतो आणि तुम्ही पॅकिंगला."

कायम! मी पाच वर्षं रोजंदारीवर होते. वडिलांची काडेपेटीच्या कारखान्यातली नोकरी संपली होती, दोन्ही भाऊ कंत्राटावर. आमच्या घरात कायम हा शब्द फक्त सर्दीला वापरला जायचा. मी त्या खुर्चीवर बसले आणि मनात म्हटलं, आता उठायचं नाही.

आणि खरं सांगते, मला ते यंत्र आवडलं. रेघ काढली, नाही पटली, पुसली. ब्लेड नाही, भोक नाही. त्रिकोण ठेवला की आपोआप 'यू २ ए', दुसरा ठेवला की 'यू २ बी'. एकच कामगार दोन जागी लावायची भीती नाही. खुणा काढायच्या नाहीत, तयार खुणांची एक लायब्ररी असते, तिथून उचलायच्या. आमचा तो आठ पायांचा किडा मात्र लायब्ररीत नव्हता. मग मी एका चौदा पायांच्या आयसीची खूण घेतली, तिची नक्कल केली, आकार बदलला, पायांचे नंबर बदलले आणि माझी स्वतःची खूण तयार केली. साहेबांना दाखवली तेव्हा ते म्हणाले, "वा!" लिमये साहेबांचा 'वा' वर्षातून दोनदा यायचा. मी त्या दिवशी घरी पेढे नेले.

शेठचं दुसरं कपाट हा कॉम्प्युटरवरचा माझा पहिला पूर्ण डबा. पापडाच्या कपाटावर शेठ इतके खूश होते, की आता त्यांना तळायच्या रंगीत नळ्या वाळवायच्या होत्या. पोरं पाची बोटांत घालून खातात त्या. नाशिकचा एक व्यापारी बुधवारी माल बघायला येणार होता. त्याला पसंत पडला तर आणखी सहा कपाटं, म्हणजे आम्हालाही सहा डबे. पापडाला पन्नास अंश पुरायचे, नळ्यांना पंचाहत्तर हवे होते.

आमच्याकडे डबा तपासायची एक पद्धत होती. कोपऱ्यावरच्या टपरीतून किटलीत गरम पाणी मागवायचं, ग्लासात ओतायचं आणि त्यात सेन्सर बुडवायचा. पाणी गाळ्यापर्यंत येईतो साठावर आलेलं असायचं. काट्याने साठ दाखवले की डबा पास. याही डब्याने साठ दाखवले. पास.

त्या बुधवारच्या आधीच्या गुरुवारी सकाळी फोन आला. शेठ इतक्या जोरात बोलत होते, की साहेबांनी रिसीव्हर कानापासून लांब धरला आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं. त्यांनी कपाट पंचाहत्तरवर लावलं होतं. काटा सत्तरपर्यंत गेला आणि तिथेच बसला. पंचाहत्तर येतच नाही म्हणून हीटर काही बंद होईना. आत खरी गरमी किती झाली देव जाणे. नळ्या वाळायच्या ऐवजी फुलायला लागल्या. जाळ्या भरल्या, कपाट भरलं, शेवटी कपाटाची कडीच निघाली आणि फुललेल्या रंगीत नळ्या पापड लाटणाऱ्या बायकांच्या अंगावर येऊन पडल्या. वरच्या कुरकुरीत, खालच्या कोळसा.

"लिमये साब, मैंने ड्रायर माँगा था, आपने कढ़ाई भेज दी!"

डबा तासाभरात परत आला. साहेबांनी जुन्या डब्याचं हाताने काढलेलं ड्रॉइंग आणि नवं छापलेलं ड्रॉइंग शेजारी ठेवलं आणि लाल पेन्सिलीने एकेक रेघ ताडून पाहिली. दोन्ही सारखी. जुना डबा पंचाहत्तरपर्यंत व्यवस्थित जात होता.

"ड्रॉइंग तेच आहे," साहेब म्हणाले. "बोर्ड छापील. मग राहिलं काय? डाग. भोईर, कुठेतरी डाग सुकलेला आहे, नीट धरलेला नाही. तुझी नजर गेली आता. सोमवारपासून तू गेटवर बस. बाकावर दुसरा माणूस बघतो."

दादांनी पाटी घेतली आणि सगळे डाग पुन्हा दिले, एकूण एक. पुन्हा किटली मागवली, या वेळी दादांनी स्वतः जाऊन उकळतं पाणी पळत आणलं. काटा सत्तरला जाऊन बसला.

जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ बसले. तांदळाची भाकरी मोडत ते म्हणाले, "पोरी, मना एक कलत नाय. डाग सुकलेला असला तं काटा उनाडक्या करतं. आज साठला अडल, उद्या नव्वदला. ह्यो रोज सत्तरलाच. ह्यो उनाड नाय गो, ह्यो शिस्तीचा हाय. कुनीतरी ह्याला सत्तरचा हुकूम दिलाय."

मी डबा तसाच झाकून ठेवला. हुकूम द्यायचं काम या गाळ्यात मी करत होते.

सगळे जेवत असताना मी व्होल्ट मोजायच्या मीटरच्या काड्या घेऊन पाटीवर वाकले. आठव्या पायावर बारा व्होल्ट हवे होते. मिळाले पाच. पाच व्होल्ट खाणारा किडा साडेतीनच्या वर बोलूच शकत नाही आणि आमच्या हिशेबात साडेतीन म्हणजे सत्तर अंश. बिचारा जीव तोडून ओरडत होता आणि आवाज तिथेच संपत होता.

कॉम्प्युटरवर जाऊन मी माझी ती लाडकी खूण उघडली. विजेचे पाय तिथे लपवून ठेवायची सोय असते. पडद्यावर दिसत नाहीत, कागदावर छापले जात नाहीत, पण प्रत्येकाला नाव असतं आणि त्या नावाची वीज ते गुपचूप जोडून घेतात. मी ज्याची नक्कल केली, तो चौदा पायांचा आयसी पाच व्होल्टचा होता. नंबर मी बदलले होते, चौदाचा आठ, सातचा चार. नाव बदलायचं राहिलं होतं. दोन्ही शटरं झकास रंगवली आणि मीटर शेजारच्या दुकानाचा जोडला.

ही चूक माझी होती. निखालस माझी. आणि ती जगात फक्त मलाच ठाऊक होती.

त्यानंतर मी काय केलं? गप्प बसले. गुरुवारची दुपार आणि सगळा शुक्रवार. तीन महिने शनिवारी संपत होते. मनात म्हणत होते, सोमवारी खुर्ची पक्की झाली की हळूच नाव बदलीन, नवा बोर्ड येईल, कुणाला काही कळणार नाही. दादांना परत बाकावर बसवायला साहेबांना पटवीन. असे बेत करायला फार अक्कल लागत नाही. त्या दीड दिवसाची मला आजही लाज वाटते. दादा त्या दीड दिवसात माझ्यासाठी रोजच्यासारखाच चहा सांगत होते.

शनिवारी सकाळी शेठ आले. जळक्या नळ्यांची गोणी त्यांनी साहेबांच्या टेबलावर ठेवली. साहेब माफी मागत होते, "माणूस बदलतोय मी, शेठ," असं सांगत होते. मी काचेतून बघत होते. दादांनी आपलं डागणं पुसलं, तार गुंडाळली आणि ते जुन्या पंचात बांधून पिशवीत ठेवलं. स्वतःचं होतं ना, घरी नेणार होते.

ती गाठ मारताना बघितली आणि मी उठले. चपला न घालताच बाहेर आले.

"साहेब, डाग बरोबर आहेत. चूक माझी आहे."

गाळ्यात ड्रिल चालू होतं, तेही कुणीतरी बंद केलं. मी सगळ्यांना काचेच्या खोलीत नेलं, शेठना चपलांसकट. लपलेले पाय पडद्यावर आणायची एक कळ होती, ती दाबली. आठव्या पायाचं नाव उजेडात आलं. मी सांगितलं, कसं झालं, आणि हेही सांगितलं, की मला परवापासून ठाऊक होतं.

साहेबांनी छापलेलं ड्रॉइंग मागवलं. प्रत्येक ड्रॉइंगच्या कोपऱ्यात चौकट असते. कुणी काढलं, कुणी तपासलं. 'तपासलं'पुढे त्यांची सही होती.

"सही तर माझीच आहे," ते म्हणाले. "आठवा पाय मी तपासलाच नाही. तो कागदावर होताच कुठे?"

मग ते वळले. "भोईर, तुला कधी दिसलं नाही, की हा ट्रॅक पाच व्होल्टकडे जातोय?"

दादा संकोचले. "डाग देतानाच दिसला व्हता साहेब. पन मना वाटला, कॉम्प्युटरनं काढलंय. त्याला माज्यापक्षी जास्त कलत असल."

साहेबांनी दादांची पिशवी स्वतः उचलली आणि बाकावर नेऊन ठेवली. माफी मागायची त्यांची तीच रीत असावी. शेठ मात्र केव्हापासून चुळबुळत होते.

"गलती किसकी, वो बाद में! बुधवार को मेरा पार्टी आ रहा है. मशीन चलेगा क्या?"

"पाच मिन्टा द्या," दादा म्हणाले आणि पंचाची गाठ सोडली.

त्यांनी आठव्या पायाकडे जाणारा ट्रॅक ब्लेडने कापला. तेच माझं जुनं ब्लेड, शाई खरवडायचं. मग पिवळ्या तारेचा बोटभर तुकडा घेतला आणि बारा व्होल्टपासून आठव्या पायापर्यंत टाकला. दोन डाग, सुईच्या टोकाएवढे. नजर गेलेल्या माणसाचे! तोवर साहेबांनी स्टोव्ह मागवून गाळ्यातच पाणी उकळत ठेवलं होतं.

सेन्सर पाण्यात गेला. चाळीस, पन्नास, साठ. सत्तरपाशी आम्ही सगळे श्वास रोखून उभे. काटा सत्तरवरून असा निघून गेला, जणू तिथे कधी काही नव्हतंच. पंचाहत्तरला हीटर बंद करणारा रिले टक् करून वाजला आणि हीटरचा दिवा विझला. शेठनी दादांना मिठीच मारली.

"देखा? मैं बोला था ना दादी, मीटर कागज पे किधर है!"

खरंच बोलले होते. शेठ गेल्यावर मी साहेबांसमोर उभी राहिले.

"मग मी पॅकिंगला कधीपासून जाऊ?"

"तुम्हाला पॅकिंगला पाठवलं," साहेब म्हणाले, "तर या लायब्ररीत आणखी काय काय लपवून ठेवलंय ते मला कोण दाखवणार? बसा खुर्चीवर. पण यापुढे तो आठवा पाय मला कागदावर दिसला पाहिजे."

बुधवारी साहेब, दादा आणि मी, तिघंही कॅम्प दोनला गेलो. पिवळ्या, गुलाबी, हिरव्या नळ्या कपाटातून खुटखुटीत वाळून निघाल्या. शेठनी तिथेच कढई ठेवली. नाशिकचे व्यापारी चांगले जाडजूड गृहस्थ, पाची बोटांत नळ्या घालून एकेक बोट खात होते. लाटणाऱ्या बायका हसून हसून बेजार. एक म्हणाली, "त्या दिवशी न तळताच फुलून आल्या होत्या की! तीच मशीन बरी होती!" साहेबसुद्धा त्या दिवशी मोठ्याने हसले आणि त्यांच्या अंगठ्यात गुलाबी नळी होती.

सहा डब्यांची ऑर्डर मिळाली. ती काढायला बसण्याआधी मी माझी खूण मोडून पुन्हा केली. दोन त्रिकोण होतेच. त्यांच्या जोडीला मी तिसरा भाग केला, एक साधी चौकट. तिला काही काम नाही, दोनच पाय, आठवा आणि चौथा, दोन्ही उघडे, रेघेने जोडावेच लागतील असे. मग सगळ्याच आयसींना असा एकेक भाग दिला आणि ते सगळे शेवटच्या पानावर रांगेने मांडले. साहेब त्याला काहीतरी इंग्रजी नाव देत. मी आणि दादा त्याला 'मीटरचं पान' म्हणायचो. पुढे दुसऱ्या कंपन्यांची ड्रॉइंग बघितली तेव्हा कळलं, की जगात पुष्कळ लोक असंच करतात. हरकत नाही. मला कुणी शिकवलं नव्हतं. मला करपलेल्या नळ्यांनी शिकवलं.

पहिलं मीटरचं पान छापून आलं तेव्हा साहेब ते घेऊन स्वतः बाकापाशी गेले.

"भोईर, हे पान तू वाचायचं. पाच कुठे, बारा कुठे. तू हो म्हटल्याशिवाय बोर्ड बाहेर जाणार नाही. आणि सही पण तुझी."

दादांनी हात पंचाला पुसले. बोट एकेका चौकटीवरून फिरलं. "हा बारा. हा पाच. हा पाच. हा बारा." शेवटी 'तपासलं'च्या रकान्याशी येऊन थांबलं.

"सही इंग्रजीत लागल का गो?"

"दादा, मराठीत करा. झकास दिसेल."

त्यांनी बराच वेळ घेऊन लिहिलं, वा. भोईर. छापील इंग्रजी अक्षरांच्या त्या गर्दीत तेवढंच निळ्या शाईचं. त्या पानाने पुढे दोनदा आमची लाज राखली, पण ते किस्से सांगायला बसले तर संपादकांना या दिवाळी अंकातली फराळाची पानं कमी करावी लागतील.

नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा साहेबांनी वयामुळे गाळा बंद केला. दादा त्याआधीच घरी बसले होते, मी कल्याणला दुसरीकडे लागले. एका दिवाळीच्या आधी पापड घ्यायला कॅम्प दोनला गेले होते. गल्ल्यावर शेठचा मुलगा बसला होता, चांगला बापईगडी. मी कोण ते सांगितल्यावर त्याने आग्रहाने आत नेलं. नळ्यांची सातही कपाटं चालू होती. पहिल्याच्या डब्यात ती पिवळी तार तशीच. बाकी सहांच्या दारांना आतून एकेक मीटरचं पान चिकटवलेलं, गरमीने पापडाच्या रंगाचं झालेलं.

"आंटी, डॅडी बोलके गए हैं, ये कागज निकालना नहीं," तो म्हणाला. मग कोपऱ्यातल्या सहीवर बोट ठेवलं. "ये भोईर साब कौन थे? बहुत बड़े इंजिनियर होंगे ना? सब पे उन्हीं का साइन है."

"हां," मी म्हटलं. "उनके साइन के बिना कुछ बाहर नहीं जाता था."

त्याने पापडांबरोबर नळ्यांचा एक मोठा पुडा बांधून दिला, पैसे घेतले नाहीत. तिथूनच मी बदलापूरची गाडी पकडली. दादा ओटीवर बसले होते, चष्मा आणखी जाड झालेला. मी सगळं सांगितलं, सात कपाटं, पिवळी तार, पापडाच्या रंगाची पानं आणि बडे इंजिनियर भोईर साब. मला वाटलं, हसतील, नाहीतर डोळ्यांत पाणी येईल. माझ्या तर आलं होतं.

दादांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "ता ठीक हाय गो. पन काटा? काटा कितीला थांबतो?"

"पंचाहत्तरला, दादा."

"मंग झालं," म्हणाले, आणि पुडा फोडायला बसले.